हौशी बॉक्सिंगमधून व्यावसायिक बॉक्सिंगकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी रिंगणात काही वर्षं घालवलेले बॉक्सर, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन विषय एकमेकांत गुंततात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम देशागणिक आणि मंडळागणिक थोडे बदलतात, म्हणून कुठेही सही करण्याआधी तुमच्या परवाना मंडळाचं नियमपुस्तक स्वतः वाचा.

1. हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये नेमका फरक काय?

दिसणारे फरक सगळ्यांना माहीत असतात. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन राउंडची, व्यावसायिक लढत चारपासून बारा राउंडपर्यंत. हौशी बॉक्सर बनियन घालून 10 किंवा 12 औंसांचे ग्लोव्ह्ज वापरतो. व्यावसायिक बॉक्सर उघड्या अंगाने उतरतो आणि त्याचे ग्लोव्ह्ज वजनगटानुसार 8 किंवा 10 औंसांचे असतात. मोठ्या हौशी स्पर्धांत पाच जज गुण देतात, व्यावसायिक लढतीत तीन.

खरा फरक मात्र रिंगच्या बाहेर आहे. हौशी बॉक्सरसाठी बहुतेक गोष्टी दुसरं कुणीतरी ठरवतं: निवड चाचणी संघटना घेते, प्रतिस्पर्धी ड्रॉमधून निघतो, तिकीट आणि राहण्याची सोय संघाबरोबर होते. व्यावसायिक झालात की प्रतिस्पर्धी, वजन, राउंड, ग्लोव्ह्ज, तारीख, मानधन यातली एकूण एक गोष्ट वाटाघाटीतून ठरते. त्या टेबलावर तुमच्या बाजूने कोण बसलंय, यावर पहिली तीन वर्षं अवलंबून असतात.

2. प्रो होण्याआधी किती हौशी लढती हव्यात? पदक लागतंच का?

आकडा ठरलेला नाही आणि पदकाची अट कुठेच नाही. पदकामुळे करार चांगला मिळतो, रिंगमध्ये त्याचा उपयोग नाही. डिऑन्टे वाइल्डरने विशीत बॉक्सिंग सुरू केलं, 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं आणि त्याच वर्षी तो प्रो झाला. वॅसिल लोमाचेन्कोने दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकून, जवळपास चारशे हौशी लढतींत एकच पराभव घेऊन मग वाट बदलली.

लढती मोजण्यापेक्षा कोणत्या प्रकारच्या लढती झाल्या ते पाहा. डावखुऱ्याशी, तुमच्यापेक्षा उंच माणसाशी, सतत अंगावर येणाऱ्याशी खेळला आहात का? पहिला राउंड गमावून लढत फिरवली आहे का? हे हौशी रिंगणात शिकणं स्वस्त आहे. प्रो झाल्यावर तोच धडा तुमच्या रेकॉर्डवर कायमचा छापला जातो.

3. माझं वय तिशीकडे झुकलंय. उशीर झाला का?

केटी टेलरने 2016 मध्ये तिसाव्या वर्षी पदार्पण केलं आणि पुढच्याच वर्षी, सातव्या लढतीत, जागतिक किताब जिंकला. पण तिच्यामागे ऑलिंपिक सुवर्णपदक आणि लहानपणापासूनचं बॉक्सिंग होतं. तिशीत पहिल्यांदा ग्लोव्ह्ज घालणाऱ्याला हे उदाहरण लागू पडत नाही. वय जास्त असेल तर मंडळं वैद्यकीय तपासण्या वाढवतात, एवढंही लक्षात ठेवा. कमी वयाच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी परवान्यासाठी 18 वर्षं पूर्ण लागतात.

4. परवाना कसा मिळतो? कोणत्या तपासण्या होतात?

तुम्ही राहता त्या ठिकाणच्या व्यावसायिक बॉक्सिंग मंडळाकडे अर्ज करायचा. ओळखपत्र, हौशी लढतींचं रेकॉर्ड बुक, प्रशिक्षकाची शिफारस आणि वैद्यकीय अहवाल लागतात. काही मंडळं मुलाखत घेतात किंवा स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, प्रत्यक्ष पाहतात.

वैद्यकीय तपासणीत साधारणपणे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या, डोळ्यांची सविस्तर तपासणी, ईसीजी आणि बहुतेक ठिकाणी मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन येतो. डोळ्यांची तपासणी मन लावून करून घ्या. दृष्टिपटलाला बारीक चीर असेल तर रोजच्या व्यवहारात ती जाणवत नाही, पण ठोशांनी ती वाढते. पहिला एमआरआय जपून ठेवा. पुढे कधी शंका आली तर डॉक्टरांना तुलनेसाठी तोच लागतो.

5. मॅनेजर आणि प्रमोटर यांत फरक काय? दोघंही हवेत का?

प्रमोटर कार्यक्रम भरवतो: सभागृह, तिकिटं, प्रक्षेपण, सगळ्या बॉक्सरांचं मानधन. मॅनेजर तुमचा माणूस असतो. तो तुमच्या वतीने प्रमोटरशी बोलतो आणि तुमच्या मानधनातला हिस्सा घेतो. तुमचं मानधन प्रमोटरसाठी खर्च असतो आणि मॅनेजरसाठी कमाई, म्हणजे दोघांचं हित एकमेकांच्या विरुद्ध दिशेला आहे. अमेरिकेत 2000 साली मुहम्मद अली यांच्या नावाने झालेल्या कायद्याने मॅनेजर आणि प्रमोटर यांच्यातल्या आर्थिक लागेबांध्यांवर बंदी आणली, ती याच कारणासाठी.

चार राउंडच्या टप्प्यावर मॅनेजर असलाच पाहिजे असं नाही. बऱ्याच जणांच्या पहिल्या काही लढती प्रशिक्षकच जुळवतो. पण एकच माणूस "मीच तुझा मॅनेजर, मीच तुझा प्रमोटर" म्हणत असेल, तर टेबलाच्या तुमच्या बाजूला कुणीच बसलेलं नाही.

6. करारात काय बघायचं?

आधी मुदत. तीन ते पाच वर्षांचे प्रमोटर करार नेहमीचे आहेत, पण आकड्यामागची वाक्यं वाचा. दुखापतीमुळे खेळला नाहीत तर तेवढे महिने करारात मिळवले जातात का? किताब जिंकलात तर करार आपोआप वाढतो का? ही दोन कलमं एकत्र आली की तीन वर्षांच्या कराराची सहा वर्षं होतात, आणि तुमच्या वयात ती परत मिळत नाहीत.

मग लढतींची हमी. "वर्षाला किमान अमुक लढती" हे कलम नसेल तर प्रमोटर तुम्हाला बांधून ठेवून घरी बसवू शकतो. हमी असली तरी ती पाळली नाही तर काय, हे लिहिलेलं हवं: ठरलेली रक्कम मिळेल की करार संपेल? किमान मानधनही राउंडांनुसार लिहून घ्या. चार राउंडच्या लढतीचं मानधन आठ राउंडला चालणार नाही.

कपातीचं कलम सगळ्यात जास्त भांडणं लावतं. मॅनेजरची टक्केवारी एकूण मानधनावर आहे की खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर? प्रवास, तपासण्या, स्पॅरिंग पार्टनरचे पैसे कोण देणार? प्रायोजकांच्या पैशातही हिस्सा मागितलाय का? आणि वाद झालाच तर कोणत्या देशाच्या कायद्यानुसार, कोणत्या शहरातल्या न्यायालयात जायचं?

सहीसाठी "आजच्या आज" असा आग्रह होत असेल तर सही करू नका. करार घरी न्या आणि खेळांचे करार हाताळणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या. वकिलाची फी जड वाटेल, पण पुढे करार मोडायला लागणारा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

7. पहिल्या लढतीचे पैसे किती? हातात काय उरतं?

रक्कम ठिकाणावर आणि तुमच्या नावावर अवलंबून असते, त्यामुळे हिशेब टक्क्यांत समजून घ्या. मॅनेजर साधारण 20 ते 33 टक्के घेतो, प्रशिक्षक 10 टक्के, कटमन (लढतीत जखमेचं रक्त थांबवणारा माणूस) दोनेक टक्के. म्हणजे शंभरातले साठच्या आसपास उरतात. त्यातून तपासण्या, परवाना, प्रवास आणि कर जायचा असतो. पदार्पणाच्या लढतीत बहुतेकांच्या हातात जवळपास काही उरत नाही. कित्येक जण पहिली दोन-तीन वर्षं नोकरी सांभाळून खेळतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

छोट्या कार्यक्रमांत आणखी एक पद्धत आहे: नवीन बॉक्सरला तिकिटं विकायला देतात, त्या विक्रीतून आधी समोरच्या बॉक्सरचं मानधन आणि खर्च भागतो आणि उरलेलं त्याला मिळतं. तिकिटं खपली नाहीत तर तोटा कुणाचा, हे आधी विचारा. पुढे किताबाच्या लढतीत किताब देणारी संस्थाही मानधनातून शुल्क घेते, ते बहुधा 3 टक्के असतं.

8. पहिली लढत किती राउंडची असते आणि प्रतिस्पर्धी कोण ठरवतं?

बहुतेकांचं पदार्पण चार राउंडचं होतं, मोठं हौशी नाव असेल तर सहा. मुहम्मद अली, तेव्हाचा कॅशियस क्ले, ऑक्टोबर 1960 मध्ये पहिली लढत सहा राउंड लढला. चारवरून सहा, आठ, दहा अशी वाढ होत बारापर्यंत जाते. पूर्वी किताबाच्या लढती पंधरा राउंडच्या असत. 1982 मध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाच्या किम ड्युक-कू याचा मृत्यू झाला, त्यानंतर किताब देणाऱ्या डब्ल्यूबीसी या संस्थेने मर्यादा बारावर आणली आणि इतर संस्थांनीही तोच मार्ग धरला.

प्रतिस्पर्धी मॅचमेकर, म्हणजे लढती जुळवणारा माणूस, सुचवतो आणि मंडळ मंजूर करतं. समोर बऱ्याचदा असा अनुभवी बॉक्सर असतो ज्याच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त असतात. त्याला कमी लेखू नका. चाळीस-पन्नास लढती केलेला असा माणूस तुम्हाला कोपऱ्यात दाबून धरणं, खांद्याने ढकलणं, श्वास घेऊ न देणं हे सगळं चार राउंडांत शिकवून जातो. पदार्पणाला असाच प्रतिस्पर्धी मिळावा असं मला वाटतं. पहिल्या मिनिटात कोसळणारा माणूस तुम्हाला काहीच शिकवत नाही.

9. खेळण्याच्या पद्धतीत काय बदलावं लागतं?

सगळ्यात आधी वेग. हौशी लढत नऊ मिनिटांत संपते, म्हणून पहिल्या घंटेपासून हात चालू ठेवायची सवय लागलेली असते. तोच वेग घेऊन सहा राउंडच्या लढतीत उतरलेला बॉक्सर चौथ्या राउंडला हात खाली सोडतो. कुठे दम घ्यायचा, कुठे नुसत्या जॅबवर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर) राउंड सांभाळायचा आणि कुठे जोर लावायचा हे स्पॅरिंगमध्येच शिकावं लागतं. राउंड हळूहळू वाढवा, जोडीदार मध्येच बदला म्हणजे ताजा माणूस अंगावर येईल.

दुसरं, पाय. हौशी बॉक्सर पंजांवर उड्या मारत आत जातो, ठोसा लावतो आणि बाहेर येतो. व्यावसायिक रिंगमध्ये टाच टेकवून, कंबर फिरवून, वजन टाकून मारलेला एक ठोसा तीन हलक्या ठोशांपेक्षा जास्त मोलाचा ठरतो. त्यासाठी थोडं जास्त वेळ समोरच्याच्या टप्प्यात राहावं लागतं, आणि तिथे बचाव उघडा पडतो. 12 औंसांच्या ग्लोव्ह्जमागे चेहरा झाकला जायचा. 8 औंसांचा ग्लोव्ह तेवढं झाकत नाही, दोन हातांच्या मधल्या फटीतून आणि कोपराच्या बाजूने ठोसे आत येतात. डोकं हलवणं, खांद्यावर ठोसा घेणं, अर्धं पाऊल मागे सरकणं हे नव्याने घटवावं लागतं.

तिसरं, शरीरावरचे ठोसे. तीन राउंडांत बरगड्यांवर गुंतवणूक करायला वेळ नसतो. आठ राउंडांत दुसऱ्या राउंडला मारलेला डावा हुक सातव्या राउंडला फळ देतो.

आणि क्लिंच. हौशी रेफरी दोघं चिकटले की लगेच वेगळं करतो. व्यावसायिक रेफरी एक हात मोकळा असेपर्यंत बऱ्याचदा चालू देतो. तेव्हा नवखा बॉक्सर दोन्ही हातांनी कवटाळून "थांबवा" म्हणून रेफरीकडे बघतो. जाणता बॉक्सर कपाळ समोरच्याच्या खांद्यात रोवतो, एक हात त्याच्या काखेखालून घालून त्याचा दंड अडकवतो, आपलं सगळं वजन त्याच्या मानेवर सोडतो आणि मोकळ्या हाताने बरगडीवर छोटे छोटे ठोसे देत राहतो. समोरच्याला दोघांचं वजन पेलावं लागतं. असे आठ-दहा प्रसंग झाले की त्याचे पाय जड होतात. हे व्हिडिओ पाहून येत नाही. प्रो जिममध्ये जाऊन रोज अंगावर घ्यावं लागतं.

10. ग्लोव्ह्ज आणि बँडेज बांधण्यात काय वेगळं असतं?

वजनाची मर्यादा साधारण अशी: 147 पौंडांपर्यंत, म्हणजे 66.7 किलोपर्यंत, 8 औंस आणि त्यावर 10 औंस. ग्लोव्ह्ज लेसचे असतात.

हौशी स्पर्धेत कापडी बँडेज तुम्ही स्वतःही बांधता. इथे गॉझ आणि चिकटपट्टीने हात बांधायला माहितगार माणूस लागतो. चेंजिंग रूममध्ये खुर्ची उलटी ठेवून तिच्या पाठीवर हात टेकवायचा. प्रशिक्षक मनगटापासून सुरुवात करतो, बोटांमधून पट्ट्या घेतो, गॉझची घडी पेरांवर बसवतो आणि मध्ये मध्ये मूठ वळायला सांगतो. चिकटपट्टी किती लांब आणि पेरांपासून किती मागे, हे मंडळ ठरवतं. समोरच्या कोपऱ्यातला एक माणूस हे सगळं उभा राहून पाहत असतो. शेवटी निरीक्षक दोन्ही हात दाबून बघतो आणि बँडेजवर पेनाने सही करतो. त्यानंतरच ग्लोव्ह्ज चढतात आणि लेसवर टेप लागतो.

ही दक्षता दिखाऊ नाही. जानेवारी 2009 मध्ये लॉस एंजेलिसला शेन मोझलीविरुद्धच्या लढतीआधी अँटोनियो मार्गारिटोच्या बँडेजमध्ये कडक झालेल्या घड्या सापडल्या. समोरच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकाने हरकत घेतली म्हणून हे उघड झालं आणि मार्गारिटोचा परवाना रद्द झाला. तुमचा माणूसही समोरच्याच्या खोलीत पाठवा, लढत चार राउंडची असली तरी.

11. कट झाला तर लढत कोण जिंकतं?

जखम कशाने झाली यावर ते ठरतं. नियमातल्या ठोशाने कट झाला आणि रेफरीने लढत थांबवली तर तुम्ही तांत्रिक नॉकआउटने हरता. चुकून डोक्याला डोकं लागून कट झाला तर बहुतेक ठिकाणी चार पूर्ण राउंडांची सीमा धरतात: त्याआधी थांबली तर लढत अनिर्णित किंवा रद्द, त्यानंतर थांबली तर तोवरच्या गुणांवर निकाल. म्हणून डोकं लागलं की कोपऱ्यातल्या तुमच्या माणसांनी त्याच क्षणी रेफरीचं लक्ष वेधायचं असतं. रेफरीने "ठोशाने" असं नोंदवलं की पुढे वाद घालून उपयोग होत नाही.

पुरुषांच्या वरिष्ठ हौशी लढतींतून हेडगार्ड 2013 मध्येच गेलं, त्यामुळे कटाचा अनुभव काहींना असेल. तरी व्यावसायिक लढतीत कटमन वेगळा माणूस असावा. एका मिनिटाच्या विश्रांतीत प्रशिक्षकाने सूचना द्यायच्या की रक्त थांबवायचं?

12. वजन एक दिवस आधी करतात, मग मी खालच्या गटात खेळू का?

थोडक्यात: पदार्पणाला नको.

हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, त्यामुळे बॉक्सर मर्यादेच्या आसपासच राहतो. व्यावसायिक लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं. मधल्या वेळात पाणी आणि अन्न भरून काढता येतं, म्हणून पुष्कळ जण घाम काढून चार-सहा किलो उतरवतात. काट्यावरचा आकडा एका दिवसात परत येतो. शरीर, विशेषतः मेंदू, तेवढ्या वेळात पूर्ववत होईलच असं नाही, आणि कोरड्या शरीराने डोक्यावर ठोसे खाणं हा या खेळातला सगळ्यात टाळता येण्याजोगा धोका आहे. आयबीएफ ही किताब देणारी संस्था याच कारणाने आपल्या किताबाच्या लढतीत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेत आली आहे, मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त वाढ न चालवता.

गट निवडताना आणखी एक अडचण येते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये साधारण सतरा वजनगट आहेत आणि ते पौंडांत मोजतात. हौशी गट किलोत आहेत आणि संख्येने कमी. 63.5 किलोचा बॉक्सर थेट 140 पौंडांच्या गटात बसतो. पण 71 किलोवाल्याला 154 पौंड म्हणजे 69.9 किलो किंवा 160 पौंड म्हणजे 72.6 किलो यांतून निवडावं लागतं. अशा वेळी पहिल्या तीन-चार लढती वरच्या गटात किंवा दोघांनी कबूल केलेल्या मधल्या वजनावर खेळा. नवीन खेळपट्टीशी जुळवून घेण्याच्या काळात उपाशी राहण्याची परीक्षा कशाला?

13. ठोसे मी जास्त मारले, तरी हरलो. गुण देतात तरी कसे?

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्स ज्युनियरला अंतिम लढतीत दिलेला पराभव एवढा गाजला की हौशी बॉक्सिंगने बटण दाबून ठोसे मोजायची यंत्रं आणली. ती 1992 पासून ऑलिंपिकमध्ये होती. 2013 मध्ये हौशी बॉक्सिंगही व्यावसायिकांच्या दहा गुणांच्या पद्धतीवर आलं: राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9 किंवा कमी.

पद्धत एक असली तरी नजर वेगळी आहे. व्यावसायिक जज स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, उपयोगी आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव पाहतात. तुमच्या आठ जॅबनी समोरचा हलला नाही आणि त्याच्या दोन ठोशांनी तुम्ही दोरांवर गेलात, तर राउंड बहुधा त्याचा. खाली पडलात तर राउंड साधारण 10-8 ने जातो, आणि चार राउंडच्या लढतीत ते भरून काढणं फार अवघड असतं.

14. खाली पडलो तर मोजणीचे नियम तेच असतात का?

नाही. हौशी लढतीत बॉक्सर पडला नाही तरी रेफरी उभ्या उभ्या आठपर्यंत मोजतो आणि ठराविक मोजण्या झाल्या की लढत थांबवतो. व्यावसायिक लढतीत उभ्याची मोजणी बहुतेक ठिकाणी नाही. तुम्ही डळमळलात की समोरचा येतच राहतो, आणि रेफरी एक तर चालू देतो किंवा संपवतो. पडल्यावर आठपर्यंत मोजणी सक्तीची असते, तेव्हा लगेच उठण्याची घाई करू नका: एका गुडघ्यावर राहा, कोपऱ्याकडे बघा, आठला उठा. तीनदा पडलं की लढत संपते, हा नियम काहीच ठिकाणी आहे. तो आणि "घंटा वाजली तर वाचलो का", हे लढतीआधीच्या नियम बैठकीत विचारून घ्या.

15. पहिलीच लढत हरलो तर?

बर्नार्ड हॉपकिन्स 1988 मध्ये पदार्पणात हरला आणि पुढे वर्षानुवर्षं मिडलवेटचा विजेता राहिला. हुआन मॅन्युएल मार्केझची सुरुवातही पराभवाने, अपात्र ठरून, झाली. पराभवामुळे प्रमोटरचा फोन थंडावतो हे खरं, पण नाबाद रेकॉर्डचा अट्टहास करून दुबळे प्रतिस्पर्धी शोधत बसलात तर आठ राउंडच्या पहिल्याच खऱ्या लढतीत त्याची किंमत मोजाल. नॉकआउटने हरला असाल तर आधी प्रश्न 19 वाचा.

16. हौशीत मी अव्वल आहे. किताबाची लढत किती लवकर मागावी?

पीट रॅडमाकरने 1956 च्या ऑलिंपिकमध्ये हेवीवेट सुवर्ण जिंकलं आणि पुढच्याच वर्षी पहिल्या व्यावसायिक लढतीत थेट फ्लॉइड पॅटरसनला जागतिक किताबासाठी आव्हान दिलं. दुसऱ्या राउंडमध्ये त्याने पॅटरसनला पाडलंही. सहाव्या राउंडला तो स्वतः नॉकआउट झाला.

लोमाचेन्कोचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. ऑक्टोबर 2013 मध्ये पदार्पण, मार्च 2014 मध्ये दुसरी लढत, तीही ओर्लांडो सालिडोविरुद्ध डब्ल्यूबीओ या संस्थेच्या किताबासाठी. सालिडो वजनाची मर्यादा ओलांडून आला, लढतीत बिलगत राहिला, कमरेखाली मारत राहिला, आणि रेफरीने फारसं अडवलं नाही. जगातला सर्वोत्तम हौशी बॉक्सर विभागलेल्या निकालाने, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मताने, हरला. सालिडोकडे त्याच्याइतकं कौशल्य नव्हतं. त्याच्याकडे वर्षानुवर्षांची व्यावसायिक धूर्तता होती, आणि ती दोन लढतींत कुणालाच येत नाही. लोमाचेन्कोने तिसऱ्याच लढतीत गॅरी रसेल ज्युनियरला हरवून किताब घेतला, कारण तो लोमाचेन्को होता.

इतरांचे आकडे पाहा: ओलेक्झांडर उसिक दहाव्या लढतीत विजेता, अँथनी जोशुआ सोळाव्या, अली विसाव्या, वाइल्डर तेहतिसाव्या. उसिक आणि जोशुआ दोघंही 2012 चे ऑलिंपिक विजेते, तरी त्यांना अडीच-तीन वर्षं लागली. दहा राउंडची लढत दमदारपणे संपवल्याशिवाय आणि निदान एकदा अडचणीतून बाहेर आल्याशिवाय किताबाचं नाव काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

17. महिला बॉक्सरसाठी काय वेगळं आहे?

एक गोष्ट ऐकून अनेकींना नवल वाटतं: राउंड छोटा होतो. हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन राउंडची, व्यावसायिक लढत मात्र दोन मिनिटांच्या राउंडांची आणि कमाल दहा राउंडांची. दोन मिनिटांत अंदाज घ्यायला वेळ मिळत नाही, त्यामुळे सुरुवात जोरदार लागते. तीन मिनिटांच्या राउंडांची मागणी जुनी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये अमांडा सेरानो आणि डॅनिला रामोस यांनी तीन मिनिटांचे बारा राउंड लढून दाखवले.

हौशीत घातलेलं हेडगार्ड इथे नसतं, तेव्हा पदार्पणाच्या काही महिने आधीपासून थोडं स्पॅरिंग त्याशिवाय करा. लढतीआधी गर्भधारणा चाचणी सक्तीची असते. खेळाडू कमी असल्याने किताबाची संधी लवकर येते (क्लॅरेसा शील्ड्सला चौथ्या लढतीत मिळाली), पण त्याच कारणाने पहिल्या काही लढतींसाठी योग्य प्रतिस्पर्धी मिळणं कठीण जातं.

18. प्रो झाल्यावर ऑलिंपिक खेळता येईल का? परत हौशी होता येतं का?

2016 पासून ऑलिंपिकचं दार व्यावसायिकांना उघडलं. रिओत तिघे उतरले: हसन एन'डाम, अम्नात रुएनरोएंग आणि कार्मिने तोम्मासोने. तिघांनाही पदक मिळालं नाही. तीन राउंडांचा वेग त्यांना झेपला नाही असं मला दिसलं. टोकियोत मात्र अल्बर्ट बातिरगाझीव्हने मोजक्या व्यावसायिक लढती खेळलेल्या असताना सुवर्ण जिंकलं, आणि कीशॉन डेव्हिसने रौप्य. म्हणजे दोन-चार लढतींचा प्रो परत वळू शकतो, दहा वर्षांचा प्रो सहसा नाही.

त्यानंतर कारभार बदलला आहे. ऑलिंपिक समितीने 2023 मध्ये हौशी बॉक्सिंगची आंतरराष्ट्रीय संघटना आयबीए हिची मान्यता काढली आणि 2025 मध्ये वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या संघटनेला तात्पुरती मान्यता दिली. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग आहे. तुमची पात्रता टिकते का, हे करारावर सही करण्याआधी राष्ट्रीय महासंघाकडून लेखी घ्या, आणि राष्ट्रीय संघासाठी सुट्टी मिळेल असं कलम प्रमोटरच्या करारात घाला.

19. नॉकआउटनंतर इथे निलंबन आहे. दुसऱ्या देशात लढू का?

नाही. निलंबन ही शिक्षा नसते, मेंदूला बरं व्हायला दिलेला वेळ असतो. तो साधारण 30 ते 90 दिवसांचा असतो आणि त्यात स्पॅरिंगही बसत नाही. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. मंडळं निलंबनाच्या याद्या एकमेकांना कळवतात, त्यामुळे लपवलेलं बहुधा उघड होतंच. एखादा आयोजक "तिकडे कुणी विचारत नाही" म्हणत असेल तर त्याच्याबरोबर पुढेही काम करू नका. जिममध्ये डोक्याला जोराचा मार लागला आणि मळमळ, अंधारी, झोपेत बिघाड असं काही जाणवलं, तरी हेच लागू: डॉक्टरांना सांगा, लढत पुढे ढकला.

20. माझ्या देशात व्यावसायिक बॉक्सिंगला परवानगीच नाही. मग?

असे देश होते आणि आहेत. स्वीडनमध्ये 1970 पासून 2006 पर्यंत, नॉर्वेत 1981 पासून 2014 पर्यंत बंदी होती. क्युबाने 1962 मध्ये बंद केलेली वाट 2022 मध्ये आपल्या बॉक्सरना पुन्हा मोकळी केली. अशा ठिकाणचे बॉक्सर दुसऱ्या देशाच्या मंडळाकडून परवाना घेऊन लढत आले आहेत. तपासण्या त्या मंडळाच्या नियमांप्रमाणे होतात आणि लढतीची नोंद रेकॉर्डवर येते. तुमच्या देशात मंडळ असेल आणि तरी बाहेर लढणार असाल, तर आधी आपल्या मंडळाचं ना हरकत पत्र घ्या.

21. मंडळाच्या मान्यतेशिवाय होणाऱ्या कार्यक्रमात सरावासाठी लढलं तर?

रेकॉर्डवर काही येत नाही, विमा बहुधा नसतो, रिंगशेजारी डॉक्टर असेलच याची खात्री नसते, आणि परवाना असेल तर तो जाऊ शकतो. हौशी असाल तर पात्रताही धोक्यात येते. सराव हवा असेल तर चांगल्या जिममध्ये अनोळखी बॉक्सरबरोबर स्पॅरिंग करा.

22. औषधं आणि सप्लिमेंट्सबद्दल काय काळजी घ्यायची?

हौशी काळात लागलेली सवय सोडू नका: वॉडाची, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची, बंदी घातलेल्या पदार्थांची यादी दर वर्षी बदलते, ती जानेवारीत पाहा. डब्ल्यूबीसीच्या क्रमवारीत आलात की व्हाडा या स्वतंत्र उत्तेजक चाचणी संस्थेच्या चाचण्याही लागू होतात आणि न सांगता येऊन नमुना घेतात. सर्दीचं औषध घेतानाही डॉक्टरांना तुम्ही बॉक्सर आहात हे सांगा.

23. माझा हौशी प्रशिक्षक ठेवू की बदलू?

त्याला तुमचं सगळं ठाऊक असतं: कोणत्या राउंडला हात पडतो, कधी घाबरता, कधी खोटं बोलता. ते सहज मिळत नाही. पण त्याने कधी दहा राउंडची लढत कोपऱ्यातून हाताळलेली नसेल तर अनुभवी प्रो प्रशिक्षकाला जोडीला घ्या आणि मुख्य आवाज कुणाचा हे आधीच ठरवा. विश्रांतीत दोघं एकदम बोलले की बॉक्सरला एकही शब्द ऐकू जात नाही. चांगला हौशी प्रशिक्षक स्वतःच "आता तू पुढच्या माणसाकडे जा" म्हणतो. तसं झालं तर त्याचे पैसे आणि त्याचा मान दोन्ही लक्षात ठेवा.

24. समोरच्याचा प्रतिस्पर्धी गळाला, चार दिवसांवर लढत आहे, मोठं मानधन देतायत. घेऊ का?

तीन गोष्टी तपासा. आज सकाळचं वजन मर्यादेपासून किती दूर आहे? दोन किलोंपेक्षा जास्त असेल तर नाही म्हणा किंवा वरच्या वजनावर लढत मागा. ऐनवेळी बोलावणाऱ्याला तुमची गरज असते, तो बहुधा ऐकतो. गेल्या दोन आठवड्यांत किती राउंड स्पॅरिंग झालंय? लढत जेवढ्या राउंडची, तेवढे सलग राउंड झाले नसतील तर राउंड कमी करून मागा. आणि समोरचा कोण आहे: त्याच्या किमान दोन पूर्ण लढती प्रशिक्षकाने पाहिल्याशिवाय होकार कळवू नका. तिन्ही उत्तरं मनासारखी असतील तर जा, मात्र मानधन आणि परतीचं तिकीट लेखी घेऊनच.